मधुमेही मांजराचं इन्सुलिन: डोस किती, वाढवायचा कधी आणि थांबायचं कधी

मधुमेही मांजराच्या घरात रोज सकाळी मीटरवर रक्तातल्या साखरेचा एक आकडा दिसतो (इथले साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये आहेत). तो मोठा असला की हात आपोआप डोस वाढवायला जातो, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात. साखर ४०० वर राहिली तर मांजर काही आठवड्यांत खंगतं. साखर ४० वर आली तर तासाभरात झटके येऊन दगावू शकतं. त्यामुळे पुढे दिलेले सगळे नियम 'साखर फार खाली जाऊ नये' या बाजूने सावध आहेत. डोस ठरवणार डॉक्टर, पण सकाळ-संध्याकाळ सिरिंज भरणार तुम्ही. म्हणून हिशोब तुम्हालाही कळलाच पाहिजे.

आधी निदान पक्कं करा

मांजर घाबरलं की त्याची साखर चढते. पिशवीत घालून, मोटारसायकलवर धक्के खात दवाखान्यात आणलेल्या धडधाकट मांजराची साखरही ३०० च्या आसपास निघू शकते. एवढ्या एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करणं चूक. घरी शांतपणे केलेली लघवी पट्टीवर तपासली आणि तिच्यात साखर सापडली, शिवाय फ्रुक्टोसामीनची रक्ततपासणी जास्त आली, तर निदान पक्कं. फ्रुक्टोसामीन मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगतं, त्यावर प्रवासातल्या घाबरण्याचा परिणाम होत नाही. रक्तातली साखर साधारण २५० ते २९० च्या पुढे गेली की ती लघवीत उतरते.

लक्षणं म्हणजे खूप पाणी, खूप लघवी, भरपूर खाऊनही वजन कमी. दिवसाला किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी म्हणजे नक्कीच जास्त. मात्र आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सगळीच मांजरं वाटीशी बसलेली असतात, त्यातली काही कूलरच्या टाकीतलंही पितात. त्यामुळे उन्हाळ्यात तहानेपेक्षा वजनावर भरवसा ठेवा. दर आठवड्याला मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालणारं मांजर दिसलं तर साखरेने नसांवर परिणाम झाला आहे असं समजा.

आणखी एक गोष्ट आठवून डॉक्टरांना सांगा: मागच्या काही महिन्यांत खाजेसाठी किंवा तोंडाच्या फोडांसाठी स्टिरॉइड दिलं होतं का? प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, विशेषतः महिनाभर परिणाम राहणारं मिथाइलप्रेडनिसोलोनचं इंजेक्शन, यांनी मांजरात मधुमेह उघडा पडतो. मांजरीला माजावर येऊ न देणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांचंही तेच. हे थांबलं नाही तर इन्सुलिन कितीही ओता, फारसा उपयोग नाही.

मराठवाड्यात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दिवस गायी-म्हशी आणि शेळ्यांत जातो. मांजराच्या इन्सुलिनचा हात बसलेले डॉक्टर हवे असतील तर छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथले खासगी पेट क्लिनिक, नाहीतर परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने गाठा. एकदा निदान झालं आणि पहिला डोस ठरला की पुढचं काम घरी मोजलेले आकडे फोनवर पाठवून बरंच होतं. उलट ते जास्त भरवशाचं, कारण घरच्या आकड्यांत प्रवासाची भीती मिसळलेली नसते.

कोणतं इन्सुलिन, कोणती सिरिंज

मांजरासाठी सर्वात जास्त वापरात आहे ते ग्लार्जिन, माणसांचंच. लँटस, बेसालॉग, ग्लॅरिटस अशा नावांनी ते मेडिकलमध्ये मिळतं. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण बनतात आणि ते सावकाश विरघळतात, म्हणून परिणाम लांब टिकतो. याच कारणाने ते पातळ करायचं नाही आणि दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही.

घरातल्या आजोबांसाठी फ्रिजमध्ये असलेलं ३०/७० मिश्रण मांजराला देऊ नका. त्यातला जलद भाग मांजराची साखर एकदम पाडतो आणि उरलेला भाग पुढचा डोस यायच्या आधीच संपतो. दिवसातून दोनदा दिलं तरी साखर खाली-वर हेलकावत राहते.

आता सगळ्यात धोकादायक चूक. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदीचं मिळतं: एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन. ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल, १०० वाल्याचं केशरी. ग्लार्जिन साधारणपणे १०० चं असतं आणि मेडिकलवाला सवयीने लाल टोपणाची सिरिंज हातात देतो. लाल टोपणाच्या सिरिंजवर १ ची खूण म्हणजे ०.०२५ मिली. १०० चं इन्सुलिन तिथपर्यंत भरलं तर मांजराच्या अंगात १ ऐवजी अडीच युनिट जातात. उलट झालं, म्हणजे ४० चं इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजने दिलं, तर १ च्या खुणेला फक्त ०.४ युनिट जातं आणि महिनाभर 'औषध लागू पडत नाही' म्हणून डोस वाढत राहतो. बाटलीवरचा आकडा वाचा, सिरिंजवरचा वाचा, दोन्ही सारखे असतील तरच भरा. घरात एकाच प्रकारच्या सिरिंज ठेवा.

१ मिलीच्या सिरिंजवर अर्धा युनिट दिसत नाही. ०.३ मिलीची, म्हणजे ३० युनिटची, केशरी टोपणाची ३१ गेजची सिरिंज मागवा. तिच्यावर अर्ध्या युनिटच्या खुणा असतील तर फार उत्तम. गावात मिळाली नाही तर जिल्ह्याच्या मेडिकलमधून पाकीट आणवून घ्या. पेनने द्यायचं तर बहुतेक पेन १ युनिटच्या पायरीने चालतात, मांजराला ती पायरी मोठी पडते. म्हणून बरेच जण ३ मिलीच्या काडतुसातून सिरिंजने काढतात. तसं काढलेलं काडतूस पुन्हा पेनला लावू नका. आत हवा जाते आणि डोस चुकतो.

पहिला डोस

सुरुवात साधारण किलोमागे ०.२५ ते ०.५ युनिट, दर १२ तासांनी. किलो म्हणजे मांजराचं योग्य वजन, आजचं नव्हे. साडेसहा किलोच्या लठ्ठ बोक्याचं योग्य वजन साडेचार असेल तर हिशोब साडेचारवर. व्यवहारात बहुतेक मांजरांना १ युनिट सकाळी, १ संध्याकाळी अशी सुरुवात होते. २ च्या वर कोणीही सुरुवात करू नये, साखर ५०० असली तरी.

वेळ ठरवताना स्वतःकडे बघा. शेतावर जाणाऱ्या घराला सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ जमेल, नोकरी करणाऱ्याला ८ आणि ८. तास-दोन तास इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही. डोस पूर्ण चुकला तर तो सोडून द्या आणि पुढचा नेहमीच्या वेळी द्या. राहिलेला आणि नवा एकत्र कधीही नाही.

क्रम कायम एकच ठेवा: मोजा, खायला द्या, खाल्लं हे डोळ्यांनी बघा, मग टोचा. निम्म्याहून कमी खाल्लं तर पूर्ण डोस नको. डॉक्टरांना विचारून अर्धा द्या. अजिबात खाल्लं नाही किंवा ओकलं तर टोचण्याआधी फोन करा.

टोचायची जागा मानेमागची सैल कातडी असं बहुतेकांना वाटतं, पण तिथे रक्तपुरवठा कमी असतो. छातीची बाजू आणि कुशी जास्त चांगली. रोज जागा थोडी बदला, गाठ लागली तर तिथे टोचू नका. कातडीची चिमूट वर उचला, तंबूसारखी झाली की तिच्या तळाशी सुई साधारण ४५ अंशांत घाला, हळू दाबा, दोन सेकंद थांबा, काढा. स्पिरिट लावायची गरज नाही, त्या वासाने आणि गारव्याने मांजर बिचकतं. सुई काढल्यावर केस ओले लागले तर औषध बाहेर सांडलं. तरीही दुसऱ्यांदा टोचू नका. आत किती गेलं ते कळायला मार्ग नाही. पुढच्या डोसला बघू.

कानातून रक्त घेणं

कानाच्या काठाने एक शीर जाते. तिच्या अगदी बाजूला टोचायचं, शिरेत नाही. हिवाळ्यात कान आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेका. आपल्या उन्हाळ्यात त्याची गरजच पडत नाही. कानाच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा धरा, बाहेरच्या काठाला व्हॅसलिनचा पातळ हात लावा म्हणजे थेंब केसांत पसरत नाही. लान्सेट (रक्ताचा थेंब काढायची बारीक सुई) टोचा, थेंब आला की पट्टी त्याला भिडवा. मग बोळ्याने तीसेक सेकंद दाबून धरा, नाहीतर काठावर निळा डाग पडतो आणि दुसऱ्या दिवशी कान हातात येत नाही. लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. आठवड्याभरात मांजर डबीचा आवाज ऐकून स्वतः येतं.

माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, पण मांजराच्या रक्तात ग्लुकोज पेशी आणि द्रव यांत वेगळ्या प्रमाणात विभागलेलं असल्याने तो खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतो. मांजरासाठी जुळवलेला मीटर मिळाला तर बरंच, नाही मिळाला तर एकच मीटर कायम वापरा. माणसांच्या दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सरही मांजराला खांद्यामागे केस काढून लावता येतो. तो ४० ते ५०० पर्यंत वाचतो. मांजर त्याच्यावर झोपलं की खोटा कमी आकडा येतो. म्हणून सेन्सर ४५ म्हणत असेल आणि मांजर मजेत असेल तर कानातून एकदा खात्री करा. आणि हो, १४ दिवस टिकेलच याची खात्री धरू नका, बोके तो खाजवून काढतात.

डोस वाढवायचा की कमी करायचा

डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ५ ते ७ दिवस वाढवायचा नाही. ग्लार्जिनचा परिणाम स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. कमी करायचा असेल तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत डोसानंतर ४ ते ८ तासांच्या मध्ये एखादा आकडा घेऊन फार खाली जात नाही ना, एवढं पाहा.

आठवड्याने दर दोन तासांनी असं १२ तास मोजा. त्यात बघायचा आकडा एकच, सर्वात खालचा. इन्सुलिन किती खाली ओढतं ते तोच सांगतो. तो ८० ते १५० मध्ये असावा आणि दिवसभरात ३०० च्या वर फार वेळ जाऊ नये. सर्वात खालचा आकडा १५० च्या वर असेल तर अर्धा युनिट वाढवा. ८० च्या खाली असेल तर अर्धा ते १ युनिट कमी करा.

एक उदाहरण घ्या. डोस दोन युनिट. सकाळी ८ ला ३४२, १० ला २८८, १२ ला २०५, दुपारी २ ला १४८, ४ ला १३९, ६ ला २१४, रात्री ८ ला ३२०. दोन्ही टोकांचे आकडे तीनशेच्या वर आहेत, म्हणून घरातले म्हणतील वाढवा. पण तळ १३९ वर आहे. वाढवलं तर दुपारी चारला तो ८० च्या खाली जाऊ शकतो, आणि त्या वेळी घरात बघायला कोणी नसेल. डोस तसाच ठेवा. अजून एक-दोन आठवड्यांत टोकं आपोआप उतरतात.

दुसरं मांजर: ८ ला ३६०, १० ला २१०, १२ ला ७२, २ ला ९५, ४ ला २६०, ६ ला ४००, ८ ला ४३०. फक्त सकाळ-संध्याकाळ मोजणाऱ्याला इथे ३६० आणि ४३० दिसतात आणि तो नक्की वाढवतो. प्रत्यक्षात या मांजराला डोस जास्त होतो आहे. साखर झपाट्याने पडते, मग शरीर यकृतातली साखर बाहेर टाकून तिला वर ढकलतं. इथे उपाय डोस कमी करणं हा आहे.

तिसरं: दिवसभर ३८० ते ४२० अशी सपाट रेघ. इथे आधी डोस नाही, बाकीचं तपासा. सिरिंज जुळते का, औषध उन्हात तापलं होतं का, टोचताना केसांत सांडतं का, शेजारी कोणी दूध पाजतं का. सगळं ठीक असेल तर अर्ध्या युनिटने वाढवत जा. डोस किलोमागे १ ते दीड युनिटच्या पुढे गेला तरी रेघ हलत नसेल तर दात-हिरड्यांचा संसर्ग, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज किंवा वाढीच्या हार्मोनचा आजार शोधायला हवा. सडका दात काढल्यावर डोस निम्म्यावर आल्याची मांजरं डॉक्टरांना नेहमी भेटतात. म्हणून तेव्हाही मोजत राहा.

टोचायच्या आधीचा आकडा २०० च्या खाली आला तर सुरुवातीच्या महिन्यात डोस देऊ नका. खायला न देता अर्ध्या तासाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना कळवा. पण आकडा ८० च्या खाली असेल तर वाट न बघता खायला द्या.

खाणं

दूध-पोळी, दूध-भात आणि कोरडं कॅटफूड हे तिन्ही मधुमेही मांजराला जड. एकूण कॅलरीतला कर्बोदकांचा वाटा १२ टक्क्यांच्या आत असावा. पाकिटावर कर्बोदकं छापलेली नसतात, ती काढावी लागतात: १०० मधून प्रथिनं, स्निग्ध, पाणी, राख आणि तंतू वजा करा. समजा पाउचवर (ओल्या कॅटफूडच्या पाकिटावर) प्रथिनं १०, स्निग्ध ५, पाणी ८०, राख २, तंतू १ आहेत, तर कर्बोदकं २. प्रथिनं आणि कर्बोदकांना ३.५ ने, स्निग्धाला ८.५ ने गुणलं की ३५, ७ आणि ४२.५ कॅलरी, एकूण ८४.५. त्यात कर्बोदकांच्या ७, म्हणजे ८ टक्के. चालेल. कोरड्या दाण्यांत प्रथिनं ३२, स्निग्ध १२, पाणी १०, राख ८, तंतू ४ असतील तर हाच वाटा ३६ टक्क्यांवर जातो.

पाउच परवडत नसेल तर बिनमिठाचं, बिनकांदा-लसणाचं उकडलेलं चिकन चालतं. पण नुसत्या मांसावर महिनोन्‌महिने ठेवलं तर कॅल्शियम आणि टॉरिन (मांजराला खाण्यातूनच लागणारं अमिनो आम्ल) कमी पडतं, त्यांची भर डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

इथे एक खड्डा आहे. कोरडं खाणं एकदम बंद करून पाउच सुरू केलं की इन्सुलिनची गरज दोन-चार दिवसांत घटू शकते. जुना डोस तसाच राहिला तर साखर कोसळते. बदल आठवडा-दोन आठवड्यांत करा, त्या काळात रोज मधल्या वेळी मोजा. मांजर गल्लीभर फिरणारं असेल तर निदान सुरुवातीचा महिना घरात कोंडा आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. वाड्यात चार घरी दूध पिणाऱ्या बोक्याचा डोस कोणालाच बसवता येणार नाही.

साखर पडली तर

अचानक हावरटपणा, लडखडणं, डोळे मोठे, अंधाऱ्या कोपऱ्यात लपणं, थरथर, पुढे झटके. मीटरवर ६० च्या खाली. मांजर गिळू शकत असेल तर लगेच नेहमीचं खाणं, त्यात ग्लुकोज पावडर. खात नसेल तर चमचाभर ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात घट्ट कालवून बोटाने हिरड्यांवर चोळा, मध असेल तर मध. साध्या साखरेपेक्षा किंवा गुळापेक्षा ग्लुकोज लवकर चढतं. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनळीत जातं. झटके येत असतील तर बोट दातांमध्ये घालू नका, गालाच्या आतल्या बाजूला चोळा. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच, कारण ग्लार्जिन अजून तासन्‌तास काम करत असतं. पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

ग्लुकोजचा डबा आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना ही लक्षणं पाठ करून घ्या.

याच्या उलट टोकाला, मांजर खात नाही, ओकतं, गळून पडलंय, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतो आणि लघवीच्या पट्टीवर कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) दिसतात, तर ते कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होणं. ते घरी बरं होत नाही. सलाइन लागतं, त्याच दिवशी.

माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या मनाने देऊ नका. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन ही मांजरांची तोंडाने द्यायची औषधं मंजूर झाली. पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, बाकी तब्येत ठीक असलेल्या मांजरांसाठीच, आणि त्यांनी साखर फार न चढताही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. त्याच कुळातली माणसांची गोळी तुकडा करून देणं म्हणजे जुगार.

उन्हाळा आणि लाइट

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, उघडलेलं ३० च्या खाली. मे महिन्यात पारा ४२-४३ ला असताना घरातली कुठलीच खोली ३० च्या खाली नसते, म्हणून उघडलेलंही फ्रिजमध्येच ठेवा, मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसतं, पण कामाचं राहत नाही. टाकून द्या.

लाइट चार-सहा तास गेली तर फ्रिज उघडू नका, आतला गारवा पुरतो. त्याहून लांबलं तर माठाचा उपयोग करा: इन्सुलिन झाकणाच्या प्लास्टिक डबीत, डबी छोट्या कोऱ्या मडक्यात, ते मडकं ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात, वर ओलं फडकं, सावलीत आणि वाऱ्याला. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगलं गार राहतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की तेवढं नाही. मेडिकलवाल्याच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे का, हे विकत घेताना विचारायला लाजू नका. घरी आणताना थर्मासमध्ये आणा, बर्फ टाकला तर बाटली फडक्यात गुंडाळून, बर्फाला न टेकवता. गाडीच्या डिक्कीत भर दुपारी अर्धा तास राहिलेलं इन्सुलिन वापरू नका.

माणसांसाठी उघडल्यावरची छापील मुदत २८ दिवस आहे. दिवसाला दोन युनिट घेणाऱ्या मांजराला ३०० युनिटचं काडतूस १५० दिवस पुरेल. सतत फ्रिजमध्ये राहिलेलं ग्लार्जिन डॉक्टर मांजरांसाठी २८ दिवसांपलीकडेही वापरू देतात. पण गढूळ झालं, कण दिसले, किंवा कारण नसताना आकडे चढू लागले की नवीन उघडा आणि जुन्याच डोसाने दोन दिवस बारकाईने मोजा. ताजं औषध जास्त जोराने लागतं.

डोस सुटण्याची वेळ

मांजरांत, विशेषतः लवकर उपचार आणि कमी कर्बोदकांचं खाणं सुरू झालं असेल तर, मधुमेह मागे हटतो आणि इन्सुलिन बंद होऊ शकतं. टोचायच्या आधीचे आकडेच २०० च्या खाली येऊ लागले की अर्ध्या-अर्ध्या युनिटने उतरायचं. अर्धा युनिट दिवसातून एकदा यावर येऊनही साखर ठीक राहिली, तर डॉक्टर बंद करायला सांगतील. बंद केल्यावर दोन आठवडे दिवसाआड मोजा, मग आठवड्याला एकदा, मग महिन्याला. खाणं तेच ठेवा. आणि पुढे कोणत्याही दवाखान्यात नेलं तरी पहिलं वाक्य हेच: याला मधुमेह होऊन गेलाय, स्टिरॉइड देऊ नका.